आजीवरचे पुस्तक करून देणारी सेवा : आवाज उत्तम जपला, आयुष्य अर्धेच धरले

दिवंगत आजी-आजोबांच्या आठवणी गोळा करून त्यांचे छापील पुस्तक आणि ध्वनिसंग्रह तयार करून देणाऱ्या सेवा आता सहज मिळतात. कुटुंबाने जुने फोटो, पत्रे, वह्या आणि कॅसेटी द्यायच्या, नातेवाइकांनी मुलाखती द्यायच्या आणि काही महिन्यांनी पुठ्ठा बांधणीचे पुस्तक व सोबत सगळ्या सामग्रीच्या डिजिटल प्रती हाती यायच्या, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. आमच्या आजीच्या निधनानंतर आम्ही नातवंडांनी मिळून अशाच एका सेवेकडून काम करून घेतले. त्या सेवेचे नाव येथे देत नाही, कारण मला जे गुणदोष दिसले ते बहुधा या प्रकारच्या कोणत्याही सेवेत थोड्याफार फरकाने आढळतील आणि वाचकाला उपयोग त्या गुणदोषांचाच आहे. माझे मत आधीच सांगते : वस्तू जपण्याच्या कामात ही मंडळी अतिशय कुशल आहेत, पण माणूस लिहिण्याच्या कामात कच्ची आहेत आणि हा कच्चेपणा ग्राहकाने स्वतः लक्ष घालून भरून काढावा लागतो.

फोटोंचे काम पाहून मन प्रसन्न झाले. साध्या दुकानात जुना फोटो स्कॅन करायला दिला तर तो बहुतेक वेळा ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन होतो, म्हणजे चार बाय सहा इंचाच्या फोटोचे १२०० बाय १८०० पिक्सेलचे चित्र मिळते आणि ते मूळ आकारापेक्षा मोठे छापायचे झाले की फुटू लागते. येथे तेच फोटो ६०० डीपीआयवर आणि जुन्या ओळखपत्रांवरचे लहान फोटो १२०० डीपीआयवर घेतले होते. मूळ प्रती टिफ या तपशील न गाळणाऱ्या स्वरूपात आणि रोजच्या वापरासाठी वेगळ्या जेपेग प्रती, अशी विभागणी होती. जेपेग प्रत दर वेळी दुरुस्त करून पुन्हा जतन केली की तिचा थोडा तपशील गळतो, म्हणून मूळ प्रत टिफमध्ये असणे आवश्यकच आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत्येक फोटोची मागची बाजूही त्यांनी न सांगता स्कॅन केली. आमच्या आजीला फोटोच्या मागे पेन्सिलीने कोण, कधी आणि कोणाच्या शेजारी बसले आहे हे लिहून ठेवायची सवय होती. मागची बाजू वगळली असती तर निम्मे चेहरे अनोळखी राहिले असते.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो त्यांनी ओढून काढले नाहीत, याबद्दलही त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत. पानावर गोंदाच्या रेघा आणि वरून पारदर्शक प्लास्टिक अशा अल्बमांत फोटो वर्षानुवर्षे राहिले की ते पानाला पक्के धरून बसतात आणि जोर लावला की चित्राचा थरच सोलून निघतो. दात साफ करायचा रेशमी दोरा फोटोखालून हळूहळू फिरवून जे निघाले ते त्यांनी वेगळे केले आणि जे निघाले नाहीत ते पानासकट स्कॅन केले. आजीच्या तरुणपणचे कृष्णधवल फोटो अजून स्वच्छ आहेत, मात्र पुढच्या काळातले रंगीत फोटो लालसर झाले आहेत. याचे कारणही त्यांनी नीट समजावून सांगितले : त्या काळच्या बऱ्याच रंगीत कागदांवरचा निळसर रंगद्रव्याचा थर अंधारात ठेवला तरी हळूहळू विरतो आणि मागे लालसर छटा उरते. संगणकावर तोल सावरून त्यांनी रंग बऱ्यापैकी परत आणले, पण न सुधारलेली प्रतही सोबत दिली.

ध्वनिमुद्रणाचा भाग या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि केवळ एवढ्यासाठीही मी तिची शिफारस करीन. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली ही छोटी कॅसेट पुढे घराघरांत पोहोचली आणि पुष्कळ कुटुंबांकडे आजी-आजोबांच्या आवाजाचा एकमेव पुरावा आज तिच्यातच अडकलेला आहे. ती फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या वेगाने सरकते आणि आवाज वेगाने काढून घेण्याचा चांगला मार्ग नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटचे चांगले रूपांतर करायला नव्वद मिनिटे द्यावीच लागतात. जी सेवा ढीगभर कॅसेटी एका दुपारी करून देते, तिच्याबद्दल शंका घ्यावी. आमच्या कॅसेटी त्यांनी आधी तपासल्या, एकीचे फुटलेले कवच बदलले, वरचे छोटे खाचपट्टे मोडून चुकून पुन्हा मुद्रण होण्याचा धोका घालवला आणि प्रत्येक कॅसेटसाठी यंत्राच्या हेडचा (फीत वाचणाऱ्या भागाचा) कोन जुळवून घेतला. हा कोन जरासा चुकला तरी आवाजातील उंच स्वर बोथट होतात आणि माणूस तोंडावर पदर धरून बोलत असल्यासारखे ऐकू येते. प्रती ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट इतक्या बारकाईच्या, तपशील न गाळणाऱ्या वेव्ह स्वरूपात होत्या. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शिकेत किमान एवढीच पातळी सांगितलेली आहे. स्टिरिओमध्ये अशा प्रतीला मिनिटाला सुमारे १७ एमबी जागा लागते, म्हणजे नव्वद मिनिटांना दीड जीबीच्या आसपास. आजच्या हिशेबाने ती काहीच नाही.

या कॅसेटींवर आजीने ठरवून काही सांगितलेले नाही. दूर राहणाऱ्या काकांना पाठवण्यासाठी घरातली मुले कविता म्हणत आहेत, भांडत आहेत, आणि आजी मागून मुलांना सरळ बसायला, पंखा बंद करायला आणि काकांना आधी तब्येत विचारायला सांगते आहे. सेवेने प्रत्येक कॅसेटच्या दोन प्रती दिल्या, एक जशीच्या तशी आणि एक खरखर काढून स्वच्छ केलेली. स्वच्छ प्रतीत मुलांच्या कविता खणखणीत ऐकू येतात. आजी मात्र जवळजवळ नाहीशी झाली आहे, कारण यंत्राने मागून येणारा मंद आवाज गोंगाट समजून पुसून टाकला. मूळ प्रतीत ती स्पष्ट आहे, तिच्या शिवणयंत्राची घरघरही आहे आणि वाक्य सुरू करण्याआधी घसा खाकरण्याची तिची लकबही आहे. तेव्हा अशा कोणत्याही सेवेकडून न सुधारलेली प्रत मागूनच घ्यावी. येथे ती न मागता मिळाली.

मधल्या काळात त्यांनी दोन जोडसेवा सुचवल्या. एक म्हणजे कृष्णधवल फोटो रंगीत करणे आणि दुसरी म्हणजे स्थिर फोटोतला चेहरा हलता करून देणे. हा दुसरा प्रकार मायहेरिटेज या वंशावळीच्या संकेतस्थळाने २०२१ साली डीप नॉस्टॅल्जिया या नावाने आणल्यापासून फार लोकप्रिय झाला. आम्ही दोन्ही नाकारल्या. साडीचा रंग संगणक अंदाजाने ठरवतो आणि पुढच्या पिढीला तो अंदाज आहे हे कळायला मार्ग उरत नाही. हलत्या चेहऱ्यावरचे हसू तर दुसऱ्याच कोणाच्या चेहऱ्याच्या हालचालींवरून उचललेले असते. ज्यांना त्यातून समाधान मिळते त्यांनी ते जरूर घ्यावे, पण ते पुस्तकात छापू नये, असे मला वाटते. नकार दिल्यावर त्यांनी आग्रह केला नाही, हेही नोंदवते.

आता मुलाखतींकडे येते, कारण खरी तक्रार तेथे आहे. सामान्य माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून अभ्यासण्याची शिस्त काही नवी नाही. कोलंबिया विद्यापीठात अ‍ॅलन नेव्हिन्स या इतिहासकारांनी १९४८ साली मौखिक इतिहासाचे केंद्र सुरू केले, आणि २००३ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातील एका छोट्या खोलीतून सुरू झालेल्या स्टोरीकॉर्प्स या उपक्रमाने तर दोन जवळच्या माणसांनी चाळीस मिनिटे एकमेकांशी बोलायचे एवढ्या साध्या रचनेवर प्रचंड संग्रह उभा केला. या सगळ्या अनुभवातून एक गोष्ट पक्की झालेली आहे : प्रश्न जितका ठोस, तितके उत्तर जिवंत. आम्हाला आलेल्या प्रश्नावलीत मात्र आजीचा स्वभाव कसा होता, तिने तुम्हाला काय शिकवले, तिची सर्वांत गोड आठवण कोणती, असेच प्रश्न होते. अशा प्रश्नाला माणूस विशेषणांनीच उत्तर देतो. प्रेमळ, सोशिक, कष्टाळू ही उत्तरे प्रत्येक नातवंडाने दिली आणि ती सगळी खरी असूनही त्यांतून कोणाच्याही आजीचे पुस्तक तयार झाले असते. त्याऐवजी सकाळी घरात पहिला आवाज कशाचा येई, ती रागावली हे तुम्हाला कशावरून कळे, तिच्या उशाशी काय ठेवलेले असे, ती कोणाशी बोलणे टाळायची, असे विचारले असते तर आम्ही तासन्‌तास बोललो असतो.

दुसरा दोष याहून मोठा आहे. मुलाखतींसाठी निवडलेली जवळजवळ सगळी माणसे नातवंडे होती. नातवंडांना आजी भेटते तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली असते. तिच्या आयुष्याचा मोठा भाग त्यांच्या जन्माआधीच घडून गेलेला असतो. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले आहे की वयस्क माणसांना आपल्या साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग इतर काळापेक्षा अधिक आठवतात. म्हणजे आजी स्वतः ज्या वर्षांना आपले आयुष्य समजत असेल, नेमकी तीच वर्षे नातवंडांना ठाऊक नसतात. पहिल्या मसुद्यात आजीचे बालपण आणि तारुण्य दीड पानात आटोपले होते आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर ती एकदम आजीच झाली होती.

आम्ही हरकत घेतली आणि तिच्या धाकट्या बहिणीची मुलाखत घ्यावी असा आग्रह धरला. आजीला लहानपणापासून ओळखणारी तेवढीच एक व्यक्ती हयात आहे. वयामुळे बोलणे सावकाश होते, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे मुलाखतकार तरुणीला थोडा कंटाळा आला असावा, असे ध्वनिमुद्रण ऐकताना जाणवते. पण तिच्या बोलण्यातूनच कळले की आजीला शिक्षिका व्हायचे होते, प्रशिक्षणासाठी तिची निवडही झाली होती, आणि घरातल्या दीर्घ आजारपणामुळे तिला जाता आले नाही. त्याचा राग तिने कित्येक वर्षे मनात धरला होता आणि वडिलांशी ती बराच काळ कामापुरतेच बोलत असे. आम्हा नातवंडांपैकी कोणालाही यातले काही माहीत नव्हते. आमचे पाढे आणि शुद्धलेखन ती ज्या निष्ठुरपणे तपासत असे, लाल शाईचे पेन वेगळे जपून ठेवत असे, त्याचा उलगडा या एका मुलाखतीने झाला. सेवेच्या मूळ योजनेत ही मुलाखत नव्हती, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

मजकुराचा पहिला मसुदा भाषेच्या दृष्टीने शुद्ध होता, पण श्रद्धांजलीच्या जाहिरातीसारखा होता. वात्सल्यमूर्ती, त्यागमूर्ती, मायेचा सागर ही बिरुदे पानोपानी होती. आजीने घरासाठी स्वतःला वाहून घेतले होते यात शंका नाही, परंतु वाहून घेणे म्हणजे रोजची ठराविक कामे, ती करताना येणारा शीण, त्यातली शिस्त, आणि कधीकधी इतरांना जाच वाटेल असा हट्ट. हे सगळे काढून नुसती माया उरवली की त्या बाईच्या कष्टांचा हिशेबच पुसला जातो. शिवाय ती एका नातवाचा उघड पक्षपात करी आणि एका सुनेशी तिचे शेवटपर्यंत जमले नाही. सेवेच्या संपादकांचे म्हणणे असे पडले की वादग्रस्त मजकूर वगळणे हे त्यांचे धोरण आहे. घरातली भांडणे छापू नयेत हे मलाही मान्य आहे. पण पक्षपाताचा उल्लेख त्या नातवानेच हसत हसत केलेला असताना तोही गाळायचा, ही फारच सोवळी भूमिका झाली. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर तो परिच्छेद परत आला.

आजीची वही हाताळताना तर त्यांच्या हाती लागलेले घबाड त्यांना ओळखताच आले नाही. आजी वर्षानुवर्षे एका जाड वहीत घरातल्या मुलांच्या नोंदी ठेवत असे. कोणाला किती ताप होता आणि पहाटे किती वाजता उतरला, कोणाला गोवर येऊन गेला, कोणाच्या चष्म्याचा नंबर बदलला, कोणाचा हात आता दाराच्या कडीला पोहोचतो, अशा त्या नोंदी आहेत. त्यांत एकही भावनिक वाक्य नाही, पण रात्री दोनला, साडेतीनला आणि पाचला लिहिलेल्या तापाच्या तीन नोंदी एकाखाली एक वाचल्यावर त्या रात्री ती झोपली नव्हती हे वेगळे सांगावे लागत नाही. आजीच्या समर्पणाविषयी याहून भक्कम साक्ष दुसरी नाही. सेवेने या वहीचे एक पान फिकट करून प्रकरणाच्या सुरुवातीला शोभेची पार्श्वभूमी म्हणून वापरले होते.

आम्ही वहीचे स्वतंत्र प्रकरण मागितले आणि ते मिळाले, तेव्हा वेगळीच गफलत झाली. मांडणी नीटनेटकी दिसावी म्हणून त्यांनी सर्व पानांतील अक्षर सारख्या उंचीचे करून छापायचे ठरवले होते. प्रत्यक्षात आजीचे अक्षर सुरुवातीला बारीक आणि दाट आहे आणि दृष्टी अधू होत गेली तसतसे ते मोठे होत गेले आहे; शेवटच्या पानांवर एका ओळीत जेमतेम तीन-चार शब्द मावतात. सारखे आकार दिल्यामुळे हा सगळा प्रवास नाहीसा झाला होता. अखेर पाने मूळ मापात छापली गेली. हस्ताक्षर असलेली कोणतीही वस्तू अशा पुस्तकात मूळ मापात आणि शक्य तर शेजारी मोजपट्टी ठेवून छापावी, असे मी सुचवीन.

फोटोंखालच्या ओळींचाही एक गमतीदार घोटाळा झाला. ज्या नातवंडाने जो फोटो ओळखला त्याच्या नात्याने ती ओळ लिहिलेली होती, त्यामुळे एकच गृहस्थ एका पानावर मामा, दुसऱ्यावर काका आणि तिसऱ्यावर बाबा होते. घरातल्या माणसाला हे कळते, पण तीस वर्षांनी पुस्तक उघडणाऱ्या पणतवंडाला या कुटुंबात तीन वेगळे पुरुष होते असेच वाटेल. पूर्ण नाव आणि आजीशी असलेले नाते, एवढाच नियम पाळावा.

छपाई आणि बांधणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण ती चोख आहे. कागद आम्लरहित आहे, फर्मे (दुमडलेल्या पानांचे गठ्ठे) दोऱ्याने शिवलेले आहेत, त्यामुळे पुस्तक सपाट उघडते आणि पाने सुटण्याची भीती नाही. नुसत्या गोंदावर चिकटवलेल्या जाड पुस्तकाचा तो भरवसा देता येत नाही. फोटो गुळगुळीत कागदावर आणि मजकूर चमक नसलेल्या कागदावर घेतल्याने वृद्ध वाचकांच्या डोळ्यांना त्रास होत नाही. अक्षराचा आकार आणखी थोडा मोठा चालला असता. शेवटी काही कोरी पाने आम्ही मागून घेतली आणि आजीच्या धाकट्या बहिणीने त्यांवर दुरुस्त्या लिहायला सुरुवातही केली आहे, त्यांतल्या दोन माझ्या लिखाणातल्या आहेत.

ज्या कुटुंबात जुन्या कॅसेटी, फोटो आणि पत्रे पडून आहेत आणि ती हाताळायला कोणाला वेळ किंवा ज्ञान नाही, त्यांनी अशी सेवा जरूर घ्यावी आणि ती लवकर घ्यावी, कारण फीत आणि रंग दोन्ही वाट पाहत नाहीत. ज्यांच्याकडे सामग्री थोडी आहे आणि मुख्य भर लिखाणावर आहे, त्यांनी मात्र घरातल्याच एखाद्या चौकस माणसाला आजीच्या बहीण-भावंडांकडे, जुन्या शेजारणींकडे ध्वनिमुद्रक घेऊन पाठवणे अधिक फलदायी ठरेल आणि छपाईचे काम तेवढे बाहेर द्यावे. प्रश्नावली आली की ती तशीच भरून न पाठवता स्वतःचे प्रश्न लिहून द्यावेत.

काम देण्याआधी काही गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. मूळ वस्तूंची यादी दोन्ही बाजूंच्या सहीने करावी आणि त्या कुरियरने न पाठवता शक्यतो हातोहात द्याव्यात. मुलाखतींच्या न कापलेल्या ध्वनिप्रती आपल्याला मिळतील हे स्पष्ट करून घ्यावे. आम्हाला आधी फक्त निवडक भाग मिळाले होते आणि आजीच्या धाकट्या बहिणीची पूर्ण मुलाखत नंतर मागून घ्यावी लागली. सर्व फाइली एका हार्ड डिस्कवर मागाव्यात, कारण सेवेच्या संकेतस्थळावरची जागा ठराविक मुदतीनंतर रिकामी केली जाते आणि सेवा स्वतः बंद पडण्याचीही शक्यता असतेच. त्या डिस्कच्या किमान तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या घरी राहावी, हा संग्रह करणाऱ्यांचा जुना नियम कुटुंबालाही लागू पडतो. आजीचा आवाज अन्य कोणत्याही कामासाठी, विशेषतः कृत्रिम आवाज घडवण्यासाठी, वापरला जाणार नाही असे कलम आमच्या करारात नव्हते. ते आम्ही घालायला लावले, आणि दोन दिवसांत कुरकुर न करता त्यांनी ते घातले.